परत फिरण्याचे धैर्य

पूर्व नेपाळमध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे २,८४५ मीटर उंचीवर लुक्ला हे शेर्पांचे लहानसे गाव आहे. एव्हरेस्टच्या पायथ्याकडे निघालेल्या बहुतेक प्रवाशांची पायवाट येथून सुरू होते. डोंगरातील शाळा व रुग्णालये यांच्या उभारणीसाठी साहित्य पोहोचावे, या हेतूने सर एडमंड हिलरी यांनी १९६४ साली शेर्पांकडून जमीन विकत घेऊन येथे धावपट्टी करविली.

मुंबईची मुख्य धावपट्टी तीन किलोमीटरांहून अधिक लांब आहे. लुक्लाची अवघी ५२७ मीटर. तीही सपाट नाही, तर डोंगराच्या दिशेने चढत जाणारी. हा चढ उतरणाऱ्या विमानाचा वेग आवरतो आणि उड्डाणाच्या वेळी तोच उतार होऊन वेग देतो. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला खोल दरी. त्यामुळे उतरताना एका मर्यादेपुढे आल्यावर विमानाला पुन्हा वर उचलून वळण्यास वावच उरत नाही. परतायचे, तर तो निर्णय त्या मर्यादेपूर्वीच घ्यावा लागतो. शिवाय येथे वैमानिकाला प्रत्यक्ष डोळ्यांनी धावपट्टी पाहूनच उतरावे लागते. दुपारी वारा व ढग वाढतात, म्हणून बहुतेक उड्डाणे सकाळीच होतात.

८ ऑक्टोबर २००८ ची सकाळ. काठमांडूहून निघालेले एक ट्विन ऑटर विमान लुक्लाजवळ आले, तेव्हा धावपट्टीच्या परिसरात धुके दाटले होते. विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळले आणि पेटले. एकोणीस जणांपैकी अठरा मृत्युमुखी पडले. त्यांत बारा जर्मन प्रवासी होते. वाचला तो केवळ वैमानिक.

दूरवरून आलेले प्रवासी, ठरलेला कार्यक्रम, समोर अगदी जवळ आलेले गाव. अशा वेळी माघारी वळणे म्हणजे हार, असे मनाला वाटते. पण व्यापारात मुरलेली माणसे जाणतात, की सौदा अंगाशी येण्याआधी सोडून देणे हीही कमाईच असते. डोंगरात या शहाणपणाचे मोल पैशांत होत नाही.

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधारी मंडळी केदारनाथला हेलिकॉप्टरने जातात, कोणी पोखऱ्याहून जोमसोमला लहान विमानाने जातात. प्रवास आखताना एक-दोन दिवस हाताशी राखून ठेवावेत. उड्डाण रद्द झाले, तर काउंटरवरील माणसाशी वाद घालू नये. वैमानिकाने अर्ध्या वाटेवरून विमान परत आणले, तर त्याचे मनापासून आभार मानावेत. वाया गेलेला दिवस पुन्हा मिळवता येतो; घरी वाट पाहणाऱ्यांना त्याहून अधिक काही नको असते.