शून्याहून जास्त, पण पुरेसं?

1981 साली अंधेरीत एस. पी. जैन आणि पार्ल्यात नरसी मोनजी या व्यवस्थापन संस्था सुरू झाल्या. त्याच वर्षी फोर्नेल आणि लार्कर यांनी प्रश्नावलीची एक कसोटी मांडली: प्रश्नांच्या उत्तरांतला निम्मा तरी फरक मूळ संकल्पनेतून आलेला असावा. हाच तो 0.5 चा एव्हीई. उपनगरांतल्या पीएचडीच्या प्रबंधांत तो आजही आढळतो, विश्वसनीयता मोजणाऱ्या, 1951 पासून चालत आलेल्या क्रॉनबाखच्या अल्फाशेजारी.

इतकी वर्षं असे प्रबंध वाचताना एक गोष्ट मला सतत खटकत आली. 1988 मध्ये अँडरसन आणि गर्बिंग यांनी प्रत्येक प्रश्नाचा भार, म्हणजे त्याचं मूळ संकल्पनेशी असलेलं नातं, सार्थक आहे का, हे तपासायला सांगितलं. म्हणजे तो प्रमाण त्रुटीच्या दुपटीहून मोठा हवा. विद्यार्थी तक्त्यात सार्थक भारांना तारे देतात आणि पुढे जातात. पण ही तुलना शून्याशी असते. नमुना हजाराचा असेल तर 0.2 चा दुबळा भारही सहज सार्थक ठरतो. ‘काहीच नाही असं नाही’ आणि ‘पुरेसं आहे’ यांत फार अंतर आहे.

एव्हीईची तर सार्थकता कुणी तपासतही नाही. समजा चार प्रश्न, प्रत्येकाचा भार 0.72. एव्हीई 0.518, म्हणजे पास. पण दोनशे जणांच्या नमुन्यात त्याची विश्वास मर्यादा 0.5 च्या खाली सहज उतरते. अशी मर्यादा काढणारी एफ्रनची बूटस्ट्रॅप पद्धत 1979 पासून आहे. 2015 मध्ये हेन्सेलर आणि सहकाऱ्यांनी दोन संकल्पना वेगळ्या आहेत का हे दाखवणारं एचटीएमटी सुचवलं, तेव्हा ती पद्धत सप्रमाणतेच्या, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का याच्या, चाचणीतही आली. तरी बहुतेकांनी त्यातूनही 0.85 चा आकडाच तेवढा उचलला.

आणि आकडा चांगला असला तरी प्रश्न बरोबर असतातच असं नाही. 8 जून 2014 ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावू लागली. त्यानंतर हाती आलेली त्या प्रवासाबद्दलची एक प्रश्नावली मला आठवते. ‘प्रवास आरामाचा वाटतो’, ‘प्रवास सुखाचा वाटतो’, ‘प्रवासात त्रास होत नाही’. घाटकोपरला लोकल पकडायच्या घाईतला माणूस तिन्हींवर पेन न उचलता सारखीच खूण करणार. अल्फा 0.9 च्या पुढे. तिकिटाची रांग, जिन्यावरची गर्दी यांबद्दल मात्र एकही प्रश्न नाही. विश्वसनीयता भरघोस आणि सप्रमाणता लंगडी, याचं याहून स्पष्ट उदाहरण मी पाहिलेलं नाही.

प्रबंध लिहिणाऱ्यांना आणि त्यांच्या गाइडना माझी कळकळीची विनंती आहे. तक्त्यातल्या प्रत्येक अल्फा, एव्हीई आणि एचटीएमटीपुढे त्याची 95 टक्के विश्वास मर्यादाही छापा.