सर्दी हटेना, मानेची खाज थांबेना? कारण धुऱ्यावरचे गाजरगवत असू शकते

पावसाळ्यात धामणगाव रेल्वे परिसरातील धुरे, रस्त्याच्या कडा आणि मोकळ्या प्लॉटवर पांढऱ्या फुलांचे गाजरगवत माजते. निंदण करणाऱ्या मजुरांपासून शाळकरी मुलांपर्यंत अनेकांचा रोज त्याच्याशी संबंध येतो. या गवतामुळे अ‍ॅलर्जी होऊ शकते.

हे गवत आले कुठून?
मूळ अमेरिका खंडातले. भारतात १९५५ च्या सुमारास पुण्यात ते आढळले. आयात गव्हासोबत बी आले, असे मानले जाते. एका झाडाला हजारो बिया येतात.

अ‍ॅलर्जी कशी होते?
गवतातील पार्थेनिन हे रसायन त्वचेला, तर परागकण नाकाला त्रास देतात. पहिल्याच स्पर्शात सहसा काही होत नाही. वारंवार संपर्कानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला शत्रू समजू लागते. म्हणून ‘इतकी वर्षे उपटतो, मला काही झाले नाही’ या भरवशावर राहू नका.

सर्दी की अ‍ॅलर्जी?
साधी सर्दी बहुधा आठ-दहा दिवसांत बरी होते; अंग दुखते, कधी ताप येतो. अ‍ॅलर्जीत ताप नसतो. लागोपाठ शिंका, पाण्यासारखे नाक, डोळ्यांना खाज हा त्रास आठवडेच्या आठवडे चालतो. पापण्या, मान आणि कोपराच्या आतील बाजूस पुरळ उठते.

काय करावे?
• फुले येण्याआधी, ओल असताना गवत मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकाला रुमाल हवाच.
• घरी येताच आंघोळ करा, कपडे वेगळे धुवा.
• मोकळ्या जागेत तरोट्याचे बी टाका. तरोटा गाजरगवताला वाढू देत नाही. पावसाळ्यात मेक्सिकन भुंगेही त्याची पाने फस्त करतात.

औषध घेताना
अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन ट्रॅक्टर किंवा दुचाकी चालवू नका. स्टेरॉइडचे मलम मेडिकलमधून परस्पर आणून चेहऱ्याला लावू नका. त्वचा पातळ होते. कशाची अ‍ॅलर्जी आहे, हे त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्टने तपासतात. श्वास लागला, छातीतून शिट्टीसारखा आवाज आला किंवा ओठ-जीभ सुजली, तर वाट न पाहता १०८ वर फोन करा.

एकट्याने आपला धुरा साफ करून भागत नाही. बी शेजारच्या प्लॉटवरूनही येते. त्यामुळे गल्लीने, गावाने मिळून फुलोऱ्याआधी उपटणे हाच टिकाऊ उपाय आहे.