यंत्रमागांच्या शहराला कलापथक हवे

पोवाडा, लावणी, छक्कड आणि वग एकाच कार्यक्रमात आले की ती प्रेक्षक धरून ठेवण्यासाठी केलेली सरमिसळ वाटते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली मुंबईत उभारलेल्या लाल बावटा कलापथकाकडे पाहिले, तर हा समज टिकत नाही. तिथे प्रत्येक प्रकाराला आपले काम होते. लढ्याची हकिगत पोवाडा सांगे. ‘मुंबईची लावणी’ने शृंगाराच्या घाटात शहरातली श्रीमंती आणि दैन्य समोरासमोर आणले. ‘माझी मैना’ ही छक्कड गावी राहिलेल्या बायकोच्या विरहातून निघते आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारपर्यंत पोचते. भाषणाला हे साधले नसते. गाण्यात न मावणारा वाद वगाकडे जाई. तमाशाच्या रीतीप्रमाणे शाहिरामागे ओळीचा शेवट उचलणारा झीलकरी दोन पावले पुढे आला की सावकार होतो आणि संवाद संपला की मागे सरून पुन्हा झील धरतो. गाणारे आणि नट वेगळे नसतात, म्हणूनच एवढे प्रकार एका पथकाला पेलतात.

हा सारा पक्षप्रचार होता, असा आक्षेप घेतला जातो. पथक कम्युनिस्ट चळवळीचे होते, हे खरेच. पण प्रचाराचे गाणे मागणी पुरी झाली की संपते. संयुक्त महाराष्ट्राची मागणी बेळगाव-कारवार सोडून १९६० साली पुरी झाली, तरी मैना आजही गायली जाते.

हे पथक ज्या कामगारांपुढे गायले, त्यांच्या १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरणगावातले पुष्कळ विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांवर आले. कलापथक मात्र आले नाही. गिरणगाव बहुतांशी मराठी होते, भिवंडीत उर्दू, तेलुगू, भोजपुरी आणि आगरी बोलणारे एकत्र कसे गाणार, असे कुणी विचारेल. पण कव्वालीत मुख्य गायकाची ओळ साथीदारच उचलतात. तेलुगू बुर्रकथेत कथेकऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोघे असतात, त्यातला एक विनोद करतो आणि दुसरा चालू राजकारणावर बोलतो. पूर्वांचलातला बिरहाही साथीदारांसह कथा सांगतो. भाषा निराळ्या असल्या तरी मांडणी झीलकऱ्यांच्या ओळखीची आहे. धर्माचाही अडसर नाही; लाल बावटा पथकाचा बुलंद आवाज असलेले अमर शेख स्वतः बार्शीच्या मुस्लिम घरातले होते. १९८४च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर भिवंडीत दोन्ही समाजांतल्या रहिवाशांच्या मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि १९९२-९३ साली मुंबई दंगलीत जळत असताना हे शहर शांत राहिले. त्या समित्यांच्या धर्तीवर गल्लीगल्लीतल्या मंडळांनी एकत्र येऊन पथक उभारावे. पहिल्या वर्षी पोवाडा आणि बुर्रकथा एका मंचावर आणल्या तरी पुरे.