संगणक रुसतो तेव्हा

घरातली बहुतेक यंत्रे बिघडण्यापूर्वी कुरकुर करतात. पंखा घरघरतो, शिवणयंत्र टाके सोडते, सायकलची साखळी करकरते. संगणक मात्र पुष्कळदा रात्री हसतखेळत निजतो आणि सकाळी उठतच नाही! मग घरातले कुणी बटण दाबून पाहते, कुणी पेटीवर थाप मारते आणि शेजारी चहा घेता घेता सांगून जातात, "आता नवाच घ्या."

आमच्या नगरातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातील, एका निवृत्त शिक्षक मित्रांना दुकानदारानेही हाच सल्ला दिला. पण त्यांच्या त्या पेटीत अकोले आणि पारनेर तालुक्यांतल्या बायकांच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या होत्या. त्यांतल्या कित्येकजणी आज हयात नाहीत. मित्रांच्या मातोश्रीही त्यांतच. नवा संगणक दुकानात मिळेल, आईचा आवाज कोणत्या दुकानात मिळणार?

मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला घेऊन गेलो. तो म्हणाला, "सर, हे वाक्यच समजा. कुठे तुटले ते शोधू."

त्याची रीत व्याकरणासारखीच सरळ होती. बटण दाबल्यावर दिवाही लागत नाही आणि पंखाही फिरत नाही, तर दोष विजेच्या वाटेवर. त्याच खटक्यावर आधी टेबलावरचा दिवा लावून पाहावा; मग दोरी, पेटीमागचे बटण आणि शेवटी वीजपुरवठ्याची डबी. ही डबी मात्र घरी उघडू नये; वीज काढल्यावरही तिच्यात धक्का देण्याइतका भार राहू शकतो. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर पडद्याची दोरी आणि स्मृतिपट्टी, म्हणजे रॅम, तपासावी. अक्षरे उमटून काम तिथेच अडले, तर संशय तबकडीवर किंवा तिच्यावरील आज्ञावलीवर. चालता चालता दहा मिनिटांनी बंद पडला, तर बहुधा उष्णता.

संगणक सुरू होण्याला 'बूट होणे' म्हणतात. आपल्याच बुटाचे पट्टे धरून स्वतःला वर उचलावे, अशा इंग्रजी वाक्प्रचारावरून हा शब्द आला. एक लहानशी आज्ञावली जागी होऊन स्मृती आणि इतर अवयवांची हजेरी घेते, मग मोठ्या आज्ञावलीला उठवते. हजेरीत कुणी गैरहजर असला, तर काही यंत्रे शिट्ट्या घालतात. या यंत्रानेही घातल्या.

विद्यार्थ्याने वायर काढली, पेटीच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, स्मृतिपट्टी उपसली आणि तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसले. मास्तरांच्या घरी खोडरबराला काय तोटा? पट्टी पुन्हा बसवताच पडदा उजळला! पण दहाएक मिनिटांत पुन्हा अंधार. पंख्याखाली आमच्या कोरड्या जिल्ह्याची धूळ नमद्यासारखी साचली होती. ती ब्रशने झाडल्यावर यंत्र थंड राहिले. त्यानंतर पहिले काम केले ते ओव्यांच्या नकला काढण्याचे.

हे यंत्र उठलेच नसते तरी आशा होती. संगणक मेला म्हणून तबकडी मेली असे नव्हे. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. कुलूपबंद तबकडीला मात्र तिची परवलीची किल्ली लागते. आणि तबकडीतूनच टकटक आवाज येत असेल, तर पुनःपुन्हा बटण दाबू नये, जाणकाराकडे न्यावी.

आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलेली मूळ पोथी आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो नकलांमुळे. आणि नकलांत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, त्याची शुद्ध प्रत सिद्ध केली. पोथीला लागणारी वाळवी आणि तबकडीला लागणारी दृष्ट यांत फारसा फरक नाही. म्हणून वाचकहो, या दिवाळीत घराची झाडलोट करताना संगणकाची धूळही झाडा, आणि जे पुन्हा मिळणार नाही त्याच्या दोन नकला करा. त्यांतली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा.