चार फायली निवडल्या, पोचली एकच

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकायला अगदी साधा आहे. वेबवरच्या फॉर्ममधून एकाच वेळी अनेक फायली कशा घ्यायच्या? कोणी म्हणेल, यात काय सांगायचं, एक शब्द लिहिला की झालं. मलाही तसंच वाटायचं. म्हणून आधी माझीच चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजसाठी मी शिष्यवृत्तीच्या अर्जाचा फॉर्म केला. गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि बँक पासबुकाचं पहिलं पान, अशा चार फायली एकत्र निवडायच्या होत्या. मी चाचणी घेतली ती एकच फाइल टाकून. चाललं! शेवटची तारीख उलटल्यावर ऑफिसातून फोन आला, "सर, जवळपास सगळे अर्ज अपूर्ण आहेत, एकेकच कागद आलाय." मुलांनी चारही कागद दिले होते, तीन माझ्या फॉर्मने गिळले. आणि स्क्रीनवर त्यांना दिसलं काय, तर 'अर्ज यशस्वीरीत्या जमा झाला'. दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालताना घरातल्या कोणाचा तरी रोज बुडतो, मंडळी. त्या मुलांचा काही दोष नव्हता.

आता हे झालं कसं, ते बघू. सुरुवातीला वेबच्या फॉर्ममधून फक्त मजकूर जायचा. फाइल पाठवायची रीत १९९५ मध्ये झेरॉक्स कंपनीतल्या नेबेल आणि मॅसिंटर या दोघांनी आरएफसी १८६७ या दस्तऐवजात मांडली. तिचं नाव मल्टिपार्ट फॉर्म-डेटा. एक मोठं पाकीट समजा. आत वेगवेगळे भाग, दोन भागांच्या मध्ये ब्राउझरने ठरवलेली एक सीमारेषा. प्रत्येक भागावर चिठ्ठी असते: हा कोणत्या रकान्याचा, फाइल असेल तर तिचं नाव काय, प्रकार काय. फॉर्मच्या एनक्टाइपमध्ये हे पाकीट सांगायला विसरलात तर सर्व्हरकडे फाइल जातच नाही, नुसतं तिचं नाव जातं.

फाइलच्या रकान्याला 'मल्टिपल' हा गुणधर्म लावला की वापरणाऱ्याला अनेक फायली निवडता येतात. ब्राउझर त्या सगळ्या पाठवतो, प्रत्येकीचा वेगळा भाग, पण चिठ्ठीवर रकान्याचं नाव एकच. इथेच माझी गोम होती. पीएचपीमध्ये रकान्याच्या नावापुढे रिकामा चौकटी कंस लावावा लागतो, तेव्हा ते त्या नावाची यादी करतं. कंस नसेल तर एकाच नावाची पुढची फाइल आधीचीला पुसते आणि शेवटची तेवढी उरते. दोन चिन्हं राहिली हो माझी, बाकी काही नाही.

बरं, कंस लावला. संपलं? नाही. आता मर्यादा बघा. पीएचपीत मुळातली सेटिंग अशी असते: एका फाइलला २ एमबी, सगळं पाकीट मिळून ८ एमबी, आणि एका वेळी २० फायली. समजा, कोणी १.८ एमबीचे पाच फोटो टाकले. प्रत्येक फोटो नियमात बसतो, पण बेरीज होते ९ एमबी. मग पीएचपी फक्त फायली नाही, पूर्ण फॉर्मच रिकामा करून आपल्या हातात देतं. नाव, पत्ता, सगळं गायब. आपला प्रोग्रॅम म्हणतो 'कृपया नाव भरा', आणि समोरचा बिचारा चौथ्यांदा नाव भरत बसतो. म्हणून आलेल्या पाकिटाची लांबी आधी बघा. लांबी आहे पण आत काहीच नाही, तर सरळ सांगा, 'फायली फार मोठ्या आहेत'. आणि पुढे एनजिनएक्स बसलेला असेल तर त्याची मर्यादा मुळात १ एमबीच असते. तीही वाढवा, नाहीतर पाकीट दारातूनच परत जातं.

तिसरी गोष्ट, फारशी कोणी सांगत नाही. मोबाइलवर माणूस आधी गॅलरीतून दोन फोटो निवडतो. मग आठवतं, दाखला डाउनलोड्समध्ये आहे. पुन्हा बटण दाबून तो निवडतो. साध्या रकान्यात दुसरी निवड पहिलीत मिळत नाही, तिला काढून टाकते. त्याला वाटतं तीन झाल्या, असते एकच.

यावर माझा उपाय सोपा आहे. कागद वेगवेगळे असतील तर प्रत्येकाला वेगळा रकाना द्या. उत्पन्नाचा दाखला इथे, गुणपत्रिका इथे. तपासणाऱ्यालाही कोणता कागद कुठला ते कळतं. 'मल्टिपल' ठेवा एकाच जातीच्या गोष्टींसाठी, जसे पिकाच्या नुकसानीचे फोटो. तिथेही निवडलेल्या फायलींची नावं खाली दाखवा.

*श्रोत्यांतून प्रश्न: फाइलचं मूळ नाव ठेवावं का?*

दाखवायला ठेवा, साठवायला नको. 'स्कॅन १' नावाची फाइल दहाजण पाठवतात, एकाची दुसऱ्यावर बसेल. सर्व्हरवर आपलं नवं नाव द्या. आणि ब्राउझर सांगतो त्या प्रकारावरही विसंबू नका. चिठ्ठीवर फोटो लिहिलंय म्हणून आत फोटोच असेल असं नाही. आतला मजकूर तपासा.

शेवटी एकच सांगतो. किती फायली निवडल्या ते ब्राउझरमध्ये मोजून एका लपलेल्या रकान्यातून पाठवा आणि सर्व्हरवर आलेल्यांशी ताडून बघा. जुळलं तरच पोच द्या, आणि पोच नुसती 'यशस्वी' नको. 'चार निवडल्या, चार मिळाल्या', खाली प्रत्येकीचं नाव. किराणा दुकानदारसुद्धा पिशवी देताना वस्तू मोजून देतो. आपण तर लोकांचे दाखले घेतोय. आणि हो, चाचणी घेताना एका फाइलवर थांबू नका. मी थांबलो होतो.