गेम अडखळतोय? आधी लॅपटॉपचा ताप बघा!

नवा गेमिंग लॅपटॉप घ्यायचा म्हणून हप्त्यांचं गणित मांडून बसलेला एक तरी मित्र तुमच्या ऑफिसात असणारच. नव्वद हजारांचा लॅपटॉप, अठरा महिने, म्हणजे व्याज न धरताच महिन्याला पाच हजार! त्यात लोकलचा पास, घरभाडं, आईची औषधं... आणि कारण काय, तर गेम अडखळतो. मंडळी, कार्ड घासण्याआधी एक शनिवार थांबा. बरंचसं काम फुकटात होतं.

आमच्याच ग्रुपचं उदाहरण घ्या. आम्ही चौघे उल्हासनगर कॅम्प १ मध्ये वाढलेले. आता एक हिंजवडीत, एक दुबईत, एक बदलापूरला आणि मी अजून कॅम्प १ मध्येच. शनिवारी रात्री दहाला चौघं ‘जीटीए फाइव्ह’वर भेटतो. गेम हे निमित्त. एरवी भेट होते कुठे? तर बदलापूरकराचा लॅपटॉप दमायला लागला. ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, वय वर्षं पाच. गाडी वळवली की चित्र थिजायचं. मग तो ‘आज नको रे’ म्हणायला लागला. तीन शनिवार आलाच नाही. चौथ्या आठवड्यात त्याने हप्त्याचा फॉर्म डाऊनलोड केला. पठ्ठ्याचं घराचं कर्ज चालू, आणि वर हे!

आमच्या गावाची एक सवय आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत निर्वासितांनी संसार थाटले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. इथे मिक्सर असो की शिलाई मशीन, टाकण्याआधी उघडून बघतात. मग लॅपटॉपनेच काय घोडं मारलंय?

दुखणं नेमकं कुठलं?

‘स्लो चालतो’ हा आजार नाही, ते नुसतं लक्षण आहे. आजार चार, आणि चौघांची औषधं वेगळी. गेम चालू असताना विंडोज आणि जी ही बटणं एकत्र दाबा. प्रोसेसर, ग्राफिक्स, रॅम आणि एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं उमटतात, हे सगळं दिसेल.

पहिली दहा मिनिटं मस्त आणि मग वेग घसरतो? उष्णता. पहिल्या मिनिटापासूनच रडतो? ग्राफिक्सवर भार जास्त. मध्येच सेकंदभर थिजून पुन्हा धावतो? बहुतेक वेळा रॅम किंवा हार्ड डिस्क. चित्र गुळगुळीत, पण तुमची गोळी उशिरा लागते? मग लॅपटॉप बिचारा निर्दोष. वायफाय बघा, जमलं तर केबल जोडा.

ताप उतरवा

प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतो. त्यात आपला एप्रिल-मे, वर पत्र्याचं छप्पर आणि लॅपटॉप गादीवर! खालची जाळी बुजली की पंखा नुसता बोंबलतो. लॅपटॉप टेबलावर ठेवा, मागची बाजू दोन बोटं उचला. फरक लगेच कळतो. वॉरंटी संपली असेल तर दुरुस्तीवाल्याकडून आतली धूळ काढून घ्या आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्या. घरीच हवा मारणार असाल तर लॅपटॉप बंद करा आणि पंख्याची पाती काडीने धरून ठेवा. ती भन्नाट फिरली तर पंखाच बिघडू शकतो.

आणखी एक फंडा. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ दिसत असेल तर ते १०० वरून ९९ टक्के करा. बऱ्याच लॅपटॉपवर यामुळे प्रोसेसरची जादा उडी बंद होते. वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपात प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच ताटात जेवतात. एकाने कमी खाल्लं की दुसऱ्याला जास्त मिळतं! आणि हो, खेळताना चार्जर लावलेलाच हवा, तोही पुरेशा वॉटचा. बॅटरीवर लॅपटॉप काटकसर करतो. ६५ वॉट मागणाऱ्याला ४५ वॉटचा चार्जर लावला तरी तेच.

ठिपके मोजा

१९२० बाय १०८० म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. १२८० बाय ७२० म्हणजे ९ लाख २१ हजार ६००. निम्म्याहूनही कमी काम! चित्र जरा मऊ दिसतं, पण १४-१५ इंची स्क्रीनवर पळापळीत कोण बघतंय? मधला मार्ग हवा तर १६०० बाय ९००. नव्या गेमच्या मेनूत एफएसआर दिसलं तर ते चालू करा. एएमडीने २०२१ मध्ये आणलेली ही युक्ती चित्र छोटं काढून हुशारीने मोठं करते, आणि दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राफिक्सवरही चालते.

मग सावल्या, प्रतिबिंबं, धुकं आणि अँबियंट ऑक्ल्यूजन खाली आणा. सगळ्यात जास्त खादाड हेच. रस्त्यावरची गर्दी आणि लांबवरचं दृश्य प्रोसेसरला दमवतं. तेही कमी करा. सगळं एकदम ‘लो’ नको. एकेक बदला आणि आकडा बघा.

शेवटी एफपीएसला मर्यादा घाला. साठचा हट्ट सोडा. डोळ्याला खुपतो तो चढउतार. साठ म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना एक चित्र, तीस म्हणजे ३३.३ ला. साठ-पंचवीस-पन्नास अशा हिंदकळण्यापेक्षा एकसारखे तीस कितीतरी बरे वाटतात. खड्ड्यांतून ऐंशीने जाण्यापेक्षा सपाट रस्त्यावर चाळीस बरे, हे कल्याण-बदलापूर रस्त्यावर बाइक चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको!

खर्च करायचाच तर इथे

टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’वर जा. ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे ‘वन ऑफ टू’ दिसलं तर लॉटरी! वेगळं कार्ड नसलेला लॅपटॉप ग्राफिक्ससाठीही हीच रॅम वापरतो. बहुतेक लॅपटॉपात एकाच्या दोन स्टिक झाल्या की रॅमकडे जाणारा रस्ता दुपदरी होतो. डीडीआर फोर ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहू शकते, दोन मिळून ५१.२. आधीच्याच जातीची आणि वेगाची स्टिक घ्या. भाव उल्हासनगरातही विचारा आणि ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवरही. काही लॅपटॉपात रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तेव्हा आधी तपासा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाकल्यावर ऑफिसचं कामही सुटसुटीत होतं.

बदलापूरकराने पंखा साफ केला, ९०० वर आला, सावल्या कमी केल्या, दुसरी स्टिक टाकली. विशीत घुटमळणारा आकडा चाळिशीत स्थिरावला. हप्त्याचा फॉर्म रद्दीत गेला आणि तो शनिवारी दहाला हजर! फक्त एक ध्यानात ठेवा: ‘जीटीए फाइव्ह’ची जुनी ‘लेगसी’ आणि २०२५ ची ‘एनहान्स्ड’ आवृत्ती ऑनलाइन एकमेकांशी खेळत नाहीत. अख्ख्या ग्रुपने एकच घ्यावी.

फुकटचा गेम महाग पडतो

‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जोक आम्ही लहानपणापासून ऐकतोय आणि हसतोयही. पण क्रॅक केलेल्या गेमच्या बाबतीत हसू नका. २०२१ मध्ये अव्हास्टने ‘क्रॅकोनॉश’ नावाचा मालवेअर उघड केला. अशाच गेममधून तो दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरमध्ये शिरला होता आणि गुपचूप क्रिप्टो चलन खोदत होता. म्हणजे लॅपटॉप तुमचा, वीजबिल तुमचं, कमाई दुसऱ्याची... आणि वर गेम स्लो! त्यापेक्षा स्टीमवर सेलची वाट बघा. आणि कृपा करून ऑफिसच्या लॅपटॉपवर गेम टाकू नका. नोकरी महत्त्वाची आहे, बॉस!

हात कधी टेकायचे?

जुगाडालाही सीमा असते. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ला रे ट्रेसिंग जमणारं हार्डवेअर लागतंच. तिथे सेटिंग कितीही खाली आणा, उपयोग शून्य. म्हणून गेम घेण्याआधी ‘मिनिमम’ची यादी वाचा. तरीही शंका वाटली तर स्टीमवर घ्या आणि लगेच चालवून बघा. खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळून झालेलं असताना मागितलं, तर पैसे परत मिळतात.

एवढं सगळं करूनही तुमचा आवडता गेम चालला नाही, तर खुशाल नवा लॅपटॉप घ्या. पण आधी सहा महिने ते पाच हजार दर महिन्याला बाजूला टाकून बघा. जमले तर तीस हजार हातात, आणि हप्ते तेवढे कमी. नाही जमले, तर तो हप्ता तुम्हाला झेपणार नव्हताच, हे फुकटात कळलं!