नाताळनंतरही चालणारा तरुण संघ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आपल्याकडच्या पुष्कळ मंडळ्यांतला तरुण संघ डिसेंबरात जागा होतो. चांदण्या टांगल्या जातात, नाटिका बसते, घरोघर नाताळची गीते होतात. जानेवारी उजाडला की सारे थंडावते. उत्साही सेक्रेटरी नोकरीसाठी पुण्याला गेला, तर हिशेबाची वही आणि कपाटाची किल्लीही त्याच्याबरोबर जाते. मग वडील मंडळी म्हणतात, हल्लीच्या मुलांना देवाधर्माची ओढ राहिली नाही. खरे तर बहुतेक वेळा संघाची घडीच बसलेली नसते.

ही घडी कशी बसवावी, याचा एक जुना नमुना आहे. अमेरिकेतील मेन राज्यात पोर्टलंड येथे विलिस्टन चर्चचे तरुण पाळक फ्रान्सिस क्लार्क यांनी २ फेब्रुवारी १८८१ रोजी आपल्या घरी मुलामुलींना बोलावले आणि ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ ही संस्था सुरू केली. पुढे ती जगभर पसरली. तिचे मर्म एवढेच, की प्रत्येकाला काम द्यायचे. एक समिती प्रार्थना सभेचा विषय व वक्ता ठरवी, दुसरी नवख्यांचे स्वागत करी. तिसरी नवे सभासद आणी आणि मागे पडलेल्यांची चौकशी करी. महिन्यातून एकदा सर्वांची हजेरी होई. अशा तीन मासिक सभांना कारण न देता गैरहजर राहिले, तर सभासदत्व जाई. ज्यांच्या श्रद्धेचा निर्णय अजून झाला नव्हता, त्यांनाही सहसभासद म्हणून जागा होती.

यातली चौकशीची समिती आपण आधी नेमावी. एखादा मुलगा दोन रविवार दिसला नाही, तर त्याच आठवड्यात दोघांनी घरी जावे. परीक्षा आहे, की वडिलांची नोकरी सुटली आहे, हे मोबाइलवरच्या निरोपातून कळत नाही.

सभा उपासनेनंतर तासाभराची असावी आणि ठरल्या वेळी संपावी. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत मोठे कार्यक्रम नकोत. प्रत्येक पदाधिकाऱ्याच्या हाताखाली एक सहायक असावा, म्हणजे माणूस गावाला गेला तरी काम अडत नाही. पैसे दोघांच्या सहीनेच काढावेत, आणि दर तीन महिन्यांनी हिशेब पंच कमिटीपुढे ठेवावा. संघाच्या एका प्रतिनिधीला त्या कमिटीत बसू द्यावे. नुसत्या सतरंज्या उचलायला बोलावलेली मुले फार दिवस येत नाहीत.

आणखी एक गोष्ट नाजूक असली तरी स्पष्ट बोलली पाहिजे. अठरा वर्षांखालील मुले असतील, तेथे किमान दोन प्रौढ हजर हवेत. मुली असतील तर त्यांत एक स्त्री हवीच. शिबिराला नेताना पालकांची लेखी परवानगी घ्यावी. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘मंडळीची अब्रू जाईल, आपसात मिटवू’ हा सल्ला पाळकांनी दिला, तरी तो मानू नये.

सुरुवातीला फार काही लागत नाही. येत्या रविवारी एका वहीत सर्व तरुणांची नावे लिहा आणि प्रत्येक नावापुढे एक काम लिहा. ज्या नावापुढची जागा कोरी राहील, त्याच्या घरी आधी जा.